जनुकांचा रोग म्हणजे घराण्याचा रोग नव्हे



एके दिवशी तास संपल्यावर अकरावीतली एक विद्यार्थिनी माझ्या टेबलापाशी येऊन थांबली. मी पदार्थविज्ञान शिकवतो. त्या दिवशी लोलकाचा आवर्तकाल शिकवला होता, तेव्हा त्याविषयीच काही शंका असेल असे मला वाटले. पण तिने विचारले, "सर, कॅन्सर जनुकांमुळे होतो, हे खरं आहे का?"

मी म्हणालो, "हो, खरं आहे."

तिचा चेहरा पडला. थोडे थांबून तिने सांगितले, की तिच्या आईला स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया झाली, उपचार झाले, आता आई शेतात कामालाही जाते. पण थोरल्या बहिणीला पाहायला आलेल्या मंडळींना हे कळले आणि त्यांनी निरोप धाडला, "रोग घराण्यातच आहे, आम्हाला नको." मग ती म्हणाली, "म्हणजे त्यांचं बरोबरच होतं ना, सर? जनुकं तर आईकडूनच येतात. आज ना उद्या आमचीही पाळी येणारच."

माझे उत्तर खरे होते. पण अर्धवट सांगितलेले सत्य कधी कधी असत्यापेक्षा जास्त नुकसान करते. तिला पुढे जे सविस्तर सांगितले, तेच आज तुमच्यापुढे मांडतो. कर्करोग हा जनुकांचा रोग आहे, पण म्हणून तो घराण्याचा रोग ठरत नाही. या दोन गोष्टींतला फरक दहावी झालेल्या प्रत्येक मुलामुलीला कळलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. तो न कळल्याने आज घराघरांत विनाकारण दुःख भोगले जात आहे.

जनुक ही पेटीतली ठेव नव्हे

शाळेत जनुकांची ओळख होते ती आनुवंशिकतेच्या धड्यात. मेंडेलचे वाटाणे, उंच रोप, बुटके रोप, आईसारखे नाक, वडिलांसारखे कान. हे सारे खरेच आहे. पण त्यामुळे आपल्या मनात एक चित्र कायमचे ठसते. जनुक म्हणजे आजीच्या पाटल्यांसारखी काहीतरी वडिलोपार्जित ठेव. एका पिढीने दुसरीच्या हाती द्यावी आणि तिने पेटीत जपून ठेवावी.

वस्तुस्थिती निराळी आहे. जनुक हा रोज, या क्षणीही, पाळला जाणारा कामाचा हुकूम आहे. तुम्ही हे वाक्य वाचत असताना तुमच्या शरीरातील असंख्य पेशींमध्ये हजारो जनुके वाचली जात आहेत.

कशी, ते पाहू. पेशीच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रे असतात. २३ आईकडून आलेली, २३ वडिलांकडून. त्यांच्यातील डीएनएचा लांबच लांब धागा म्हणजे चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला मजकूर. एका संचात सुमारे ३२० कोटी अक्षरे असतात. या मजकुरातील सुमारे २० हजार परिच्छेद असे आहेत, की त्यांत प्रथिने कशी बांधायची याच्या सूचना आहेत. हीच प्रथिनांची जनुके.

प्रथिन हवे असले, की त्या जनुकाची एक नक्कल आरएनएच्या रूपात उतरवली जाते. ही नक्कल केंद्रकाबाहेर येते आणि रायबोसोम नावाच्या सूक्ष्म यंत्राच्या हाती पडते. रायबोसोम नकलेतील तीन-तीन अक्षरे वाचतो आणि प्रत्येक त्रिकुटासाठी एक अमिनो आम्ल जोडत जातो. अशी माळ पुरी झाली, की तिची घडी पडून प्रथिन तयार होते. त्रिकुटांची ही भाषा उलगडण्यात हरगोविंद खोराना यांचा मोठा वाटा होता आणि त्यासाठी १९६८ चे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांसह मिळाले. रायबोसोमची रचना उलगडणाऱ्या तिघांपैकी एक व्यंकटरामन रामकृष्णन. त्यांना २००९ साली ते मिळाले. गंमत म्हणजे रामकृष्णन मूळचे पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी!

कातडीच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत ग्रंथ एकच असतो. फरक एवढाच, की उघडलेली पाने वेगळी असतात. म्हणजे जनुक अंगी असणे ही अर्धी गोष्ट झाली. ते केव्हा वाचायचे, किती वाचायचे आणि केव्हा मिटायचे, ही दुसरी अर्धी. कर्करोगाचे रहस्य या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे.

पाटाचे पाणी

आमच्या कर्जत तालुक्यातील मुलांना हे समजावणे सोपे जाते. कुकडीच्या कालव्याचे आवर्तन सुटणार म्हटले, की गावोगाव त्याचीच चर्चा सुरू होते. धरणात पाणी असून भागत नाही. गेट वेळेवर उघडले पाहिजे, चारीला पाणी आले पाहिजे, रात्री दारे धरणारा माणूस जागा हवा. आणि एवढेच महत्त्वाचे म्हणजे वेळ झाली की गेट बंद झाले पाहिजे. ते बंदच झाले नाही, तर वरच्या शेतात चिखल होतो, पीक सडते आणि शेवटच्या टोकाचा शेतकरी कोरडाच राहतो.

पेशीची वाढ अशीच चालते. समजा, तुमच्या बोटाला कापले. जखमेजवळच्या पेशींना बाहेरून एक संदेश मिळतो, "वाढा." हा संदेश म्हणजे सुद्धा एक प्रथिनच. पेशीच्या आवरणावर त्याचा ग्राहक असतो. ग्राहक आतल्या बाजूला 'रास' नावाच्या प्रथिनाला जागे करतो. रास हे पहिले गेट. त्याच्यापासून एकाकडून दुसऱ्याकडे निरोप जात जात केंद्रकापर्यंत पोहोचतो. तिथे 'मिक' नावाचे जनुक कामाला लागते. मिकचे प्रथिन शेकडो जनुकांची पाने उघडते आणि नवे रायबोसोम बनवण्याचे काम जोरात सुरू होते.

रायबोसोमच का? कारण एका पेशीच्या दोन व्हायच्या असतील, तर आधी तिच्यातील माल दुप्पट झाला पाहिजे, आणि पाणी सोडले तर पेशीतला सर्वांत मोठा माल म्हणजे प्रथिने. माल वाढवायचा तर आधी यंत्रे वाढवायला हवीत. म्हणून ज्याच्या हाती प्रथिननिर्मितीची किल्ली, त्याच्या हाती वाढीची किल्ली. जखम भरली, की संदेश थांबतो, रासचे गेट आपोआप मिटते, मिक शांत होते. बोट पूर्वीसारखे होते; त्याच्यावर दुसरे बोट फुटत नाही. ही साधी गोष्ट खरे म्हणजे किती नवलाची आहे!

गेट अडकले तर?

१९११ साली अमेरिकेत पेटन राऊस यांनी दाखवून दिले, की कोंबड्यांमधील एक प्रकारचा कर्करोग विषाणूमुळे होतो. बराच काळ त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही; नोबेल पारितोषिक मिळायला १९६६ साल उजाडले. पुढे कळले, की या विषाणूजवळ 'सार्क' नावाचे एक जनुक आहे आणि तेच पेशीला बेबंद करते. ते त्याने आणले कुठून? १९७६ साली मायकेल बिशप, हॅरॉल्ड व्हार्मस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिले, आणि ते चकित करणारे होते. हे जनुक मुळात विषाणूचे नाहीच. ते निरोगी कोंबडीच्या पेशीत असते. विषाणूने ते कधीकाळी उचलून नेले. बिशप आणि व्हार्मस यांना १९८९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे 'कर्करोगाचे जनुक' हे नावच फसवे आहे. शरीराने कर्करोगासाठी कोणतेही जनुक राखून ठेवलेले नाही. जखम भरणारी, मूल वाढवणारी, रक्त तयार करणारी जी जनुके, तीच बिघडली म्हणजे कर्करोगाची जनुके म्हणवली जातात.

बिघाड केवढा लागतो? १९८२ साली मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींतील रास जनुक तपासले गेले. निरोगी जनुकाशी त्याची तुलना केली तेव्हा फरक निघाला फक्त एका अक्षराचा! त्यामुळे १८९ अमिनो आम्लांच्या माळेत बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन आले. या एका मण्यामुळे रासचे गेट उघडते, पण मिटत नाही. बाहेरून कोणी "वाढ" म्हणत नसताना आत "वाढ, वाढ" असा गजर चालूच राहतो.

मिकचे असेच. एका रक्तपेशीच्या कर्करोगात हे जनुक आपल्या गुणसूत्रावरून तुटून दुसऱ्याच गुणसूत्रावर, सतत उघड्या असणाऱ्या पानाशेजारी जाऊन बसते आणि मग तेही सतत वाचले जाते. प्रत्यक्ष प्रथिननिर्मितीतही हाच प्रकार दिसतो. आरएनएची नक्कल रायबोसोमपर्यंत नेताना तिचे टोक धरणारे एक प्रथिन असते. पेशीत ते जपूनच वापरले जाते. १९९० साली शास्त्रज्ञांनी उंदराच्या पेशींत तेच एक प्रथिन प्रमाणाबाहेर वाढवले, आणि त्या पेशी कर्करोगाच्या पेशींप्रमाणे वागू लागल्या. लक्षात घ्या, नक्कल चुकीची नव्हती. ती फक्त फार जोराने वाचली जात होती.

राखणदार जनुके

निसर्ग मात्र केवळ गेटवर भिस्त ठेवत नाही. त्याने राखणदारही नेमले आहेत. 'आरबी' नावाचे जनुक पेशीला दुभंगण्याआधी रोखून धरते. 'पी-५३' हे डीएनएची मोडतोड झाली की काम थांबवते, दुरुस्तीला वेळ देते, आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर त्या पेशीला मरण पत्करायला लावते. 'पीटेन' नावाचे जनुक प्रथिननिर्मितीचा वेग आवरते.

येथे एक महत्त्वाचा मुद्दा येतो. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. गेट उघडे अडकायला एका प्रतीतला बिघाड पुरतो. पण राखणदार हटवायला बहुधा दोन्ही प्रती जाव्या लागतात. १९७१ साली आल्फ्रेड नुडसन यांनी लहान मुलांच्या डोळ्यातील एका दुर्मिळ कर्करोगाचा अभ्यास करून हे ओळखले. काही मुलांना बिघडलेली एक प्रत जन्मतःच मिळते; त्यांना आणखी एकच आघात पुरतो. इतर मुलांत मात्र दोन्ही आघात जन्मानंतर एकाच पेशीवर व्हावे लागतात. तो रोग नेमका आरबी जनुकाचा, हे पुढे १९८६ साली ते जनुक हाती आल्यावर सिद्ध झाले.

म्हणून एका बिघाडाने कर्करोग होत नाही. एकाच पेशीच्या वंशात गेट अडकणे, एकामागून एक राखणदार जाणे, दुरुस्ती बंद पडणे, असे अनेक प्रसंग घडावे लागतात. त्याला बहुधा पुष्कळ वर्षे लागतात. बहुतेक कर्करोग उतारवयात दिसतात, त्याचे मोठे कारण हेच.

मग बिघाड आला कुठून?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. हे बिघाड आईवडिलांकडून येतात का?

१९८४ साली एका रुग्णाच्या फुप्फुसातील कर्करोगाची गाठ तपासण्यात आली. तिच्यात रास कुळातले जनुक बिघडलेले होते. मग त्याच रुग्णाच्या निरोगी पेशी तपासल्या. त्यांत ते जनुक अगदी ठाकठीक होते! विचार करा. आईवडिलांकडून बिघाड आला असता, तर तो अंगातल्या प्रत्येक पेशीत दिसला असता. तो फक्त गाठीत होता, याचा अर्थ तो त्या माणसाच्या हयातीत, त्याच्या फुप्फुसातील एका पेशीत घडला. तो त्याला वारशात मिळाला नव्हता आणि तो मुलांना वारशाने देणारही नव्हता, कारण मुलांकडे जातात ती बीजपेशींतील जनुके, फुप्फुसातील नव्हेत.

असे बिघाड होतात कसे? काही तर नक्कल करताना आपोआप होणाऱ्या चुका. ३२० कोटी अक्षरांचा ग्रंथ उतरवताना एखादा काना-मात्रा चुकणारच. काही क्ष-किरणांसारख्या प्रारणांमुळे आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे होतात. आणि पुष्कळसे आपण होऊन ओढवून घेतलेले असतात.

ही गोष्ट जनुकांची भाषा कळण्याच्याही आधी एका मराठी माणसाने ओळखली होती. मुंबईला परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्यांनी पाहिले, की कर्करोगाची जागा माणसाच्या सवयीप्रमाणे बदलते. धोतर किंवा लुगडे कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट कसणाऱ्यांना नेमका त्या रेषेवर कातडीचा कर्करोग होतो. चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांना तो टाळूला होतो. तंबाखू-चुन्याची गोळी ओठात धरणाऱ्यांना तो ओठाच्या त्याच कोनाड्यात होतो. १९४५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. रोग जर निव्वळ घराण्याचा असता, तर तो गोळी ठेवायची जागा विचारून आला असता का?

माझ्या मुलग्या-वाचकांनो, इथे तुमच्याशी दोन शब्द स्पष्ट बोलतो. आपल्या भागात टपरीवर मावा मिळतो. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटून केलेला. नववी-दहावीतली मुले तो खाताना मी पाहिली आहेत. तंबाखूतील काही रसायने डीएनएच्या अक्षरांना जाऊन चिकटतात आणि पुढची नक्कल चुकते. सुपारी तर तंबाखूवाचूनही कर्करोग करू शकते, हा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा २००४ सालचा निष्कर्ष आहे. "माझ्या आजोबांनी आयुष्यभर तंबाखू खाल्ली, त्यांना काही झालं नाही," हे मला ऐकवू नका. बिघाड कोणत्या पेशीत, कोणत्या अक्षरावर होईल, हा संभवाचा खेळ आहे; आणि प्रत्येक मावा म्हणजे आणखी एक फासा टाकणे. तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, तीन बोटे उभी आत जात नसतील, तर लाज न बाळगता डॉक्टरांना दाखवा.

विषाणूची जनुके आणि शेजारचा जिल्हा

गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात तर दोषी जनुके आईबापांचीही नसतात आणि स्वतःचीही नसतात. ती एचपीव्ही नावाच्या विषाणूची असतात. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप नाहीसाही होतो. काहींच्या शरीरात मात्र तो वर्षानुवर्षे राहतो. तो आपली दोन प्रथिने आपल्याच पेशीच्या रायबोसोमकडून बनवून घेतो. त्यांतील एक पी-५३ चा नाश घडवून आणते, दुसरे आरबीला पकडून ठेवते. दोन्ही राखणदार एकदम गेले! या विषाणूचा कर्करोगाशी असलेला संबंध दाखवणाऱ्या हेराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या कथेत आपल्या एका शास्त्रज्ञ बाईंचा धागा येतो. डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म पुण्याचा, १९१७ सालचा. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या काम करून आल्या. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी, तिला न विचारता, काचेच्या नळीत वाढवण्यात आल्या. त्या पेशी जगभर आजही वाढत आहेत आणि त्यांच्यात एचपीव्हीची तीच दोन जनुके आजही हुकूम सोडत आहेत. कमलताईंनी मुंबईला परत येऊन भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली आणि स्तनाच्या कर्करोगावर, त्यात आनुवंशिकतेचा वाटा किती यावरही, काम केले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या आपल्याच जिल्ह्यात आल्या आणि आदिवासी मुलांच्या पोषणाच्या पाहणीत त्यांनी भाग घेतला.

आता ज्ञानाचा उपयोग पाहा. १९९९ साली आपल्या शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा प्रयोग सुरू झाला. टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांचा त्यात सहभाग होता. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांच्या गावांचे गट पाडण्यात आले. त्यांतील ३४,१२६ स्त्रियांच्या गटात एचपीव्हीची तपासणी एकदाच, आयुष्यात फक्त एकदा, देण्यात आली आणि दोष दिसला तिथे उपचार झाले. ३१,४८८ स्त्रियांच्या दुसऱ्या गटात नेहमीचीच व्यवस्था राहिली. आठ वर्षांनी हिशेब केला, तेव्हा या रोगाने झालेले मृत्यू पहिल्या गटात ३४ होते आणि दुसऱ्यात ६४. २००९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि जगभर वाचला गेला. ज्या स्त्रिया वाचल्या, त्या तुमच्या-माझ्या घरातल्यासारख्याच, ज्वारी काढणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या. आज या विषाणूवर लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला २०२२ साली मान्यता मिळाली. ती ९ ते १४ या वयात घेतलेली उत्तम. म्हणजे तुमच्याच वयात. घरी हा विषय काढा.

मग आनुवंशिक काहीच नाही का?

असे म्हणणे हीही लबाडी होईल. दर शंभर स्तनाच्या कर्करोगांत सुमारे पाच ते दहा असे असतात, की त्यांत बिघडलेले जनुक जन्मतःच मिळालेले असते. 'बीआरसीए-१' आणि 'बीआरसीए-२' ही त्यांतील मुख्य. १९९४ आणि १९९५ साली ती हाती आली. ती डीएनए दुरुस्त करणारी जनुके आहेत. एकाच घरात अनेक जवळच्या नातलगांना, तेही तरुण वयात, हा रोग झाला असेल, तर डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्यावा. पण तेव्हाही वारशात मिळतो तो रोग नव्हे, तर दोनपैकी एक बिघडलेली प्रत. धोका वाढतो, हे खरे. म्हणून तपासणी लवकर आणि वारंवार करायची. भिंतीला तडा गेला आहे हे ज्याला कळले, तो घर सोडून पळत नाही. पावसाळ्याआधी गिलावा करतो.

उपचारांचेही असेच. एका रक्ताच्या कर्करोगात दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात; त्यातले आखूड झालेले गुणसूत्र १९६० साली दिसले. ही अदलाबदलही जन्मानंतर अस्थिमज्जेतील पेशीत होते. तिच्यातून निर्माण होणारे बेबंद प्रथिन ओळखले गेले, त्याच्या खाचेत बसेल असे औषध बनवले गेले, आणि २००१ पासून ते वापरात आहे. एकेकाळी हमखास प्राणघातक असलेला हा रोग आता पुष्कळांच्या बाबतीत गोळी घेऊन ताब्यात राहतो. हुकूम कोणता चुकला हे कळले, म्हणून हे झाले.

शिक्षकांना एक विनंती

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आता तुमच्याशी बोलतो. आनुवंशिकतेचा धडा आपण पिढ्यांच्या चौकटी काढून संपवतो. मुले गुण मिळवतात आणि 'जनुक म्हणजे नशीब' हा समज घेऊन घरी जातात. जुन्या काळी कपाळावरची रेषा होती, तिच्या जागी आता डीएनएची रेषा आली. शब्द विज्ञानाचा आणि समजूत जुनीच! ही समजूत पुढे मुलीच्या सोयरिकीत बोलते, आणि "जे व्हायचं ते होणारच" म्हणून गाठ लपवणाऱ्या बाईच्या तोंडूनही बोलते.

हे अवघड आहे, मुलांना झेपणार नाही, असे कोणी म्हणेल. शेजारच्या जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या, शाळा न पाहिलेल्या बायांना आरोग्याचे शास्त्र शिकवले. त्या बायांनी ते गावागावांत नेले, आणि १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायांना जे झेपले, ते आपल्या नववीच्या मुलांना झेपणार नाही?

माझी मागणी फार मोठी नाही. वेगळा धडा नको, वेगळा तास नको. आनुवंशिकता शिकवून झाली, की दोन वाक्ये फळ्यावर लिहा: 'जनुक म्हणजे रोज पाळला जाणारा हुकूम. तो जन्मतः चांगला असून पुढे बिघडू शकतो.' आणि मुलांना त्यावर प्रश्न विचारू द्या.

त्या मुलीला मी हे सारे एका दिवसात सांगू शकलो नाही. तीन-चार दिवस मधल्या सुट्टीत आम्ही बोललो. शेवटी तिने वहीत एक वाक्य लिहून मला दाखवले, "आईला झालेला बिघाड बहुतेक आईच्याच पेशीतला आहे." मी त्यातल्या 'बहुतेक' या शब्दाखाली रेघ ओढली आणि म्हणालो, "हा शब्द खोडू नकोस. विज्ञानाचा प्रामाणिकपणा त्यात आहे. आणि तुझ्या आईला झाला तेव्हा तिचं वय काय होतं, मावश्यांना, आजीला काही झालं होतं का, हे डॉक्टरांना जाऊन सांग. ते तुला नीट सल्ला देतील."

ती वही घेऊन ती घरी गेली. पाहुण्यांनी निरोप धाडला तेव्हा त्या घरात हे वाक्य म्हणणारे कोणी नव्हते. तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत अशी वेळ आली, तर ते म्हणणारे तुम्ही असा.